सरकत्या जिन्यावर एक बाजू मोकळी सोडावी का?

ए-२०२ : स्थानकांवरील शिष्टाचाराविषयी आपण जो संदेश तयार करत आहोत, त्यात ‘सरकत्या जिन्यावर एका बाजूला उभे राहा, दुसरी बाजू चालणाऱ्यांना सोडा’ हे वाक्य घालावे, असे मला वाटते. गाडी सुटण्याच्या बेतात असताना पुढे दोघेजण शेजारीशेजारी गप्पा मारत उभे असले, की मागच्यांचा विनाकारण खोळंबा होतो.

सी-५०४ : काका, हे वाक्य घालू नये, असे माझे मत आहे. पक्षाघातानंतर ज्यांचा एकच हात चालतो, त्यांना त्याच हाताकडचा कठडा धरावा लागतो. ती बाजू नेमकी चालणाऱ्यांची ठरली, तर मागच्यांची बोलणी खात उभे राहणे किंवा जिनाच टाळणे, एवढेच त्यांच्या हाती उरते. जपानमध्ये सायतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ पासून आणि नागोया शहराने ऑक्टोबर २०२३ पासून सरकत्या जिन्यावर न चालता उभे राहण्याचा नियम केला; त्याला दंडाची जोड मात्र नाही. (त्याच देशात टोकियोत डावीकडे आणि ओसाकात उजवीकडे उभे राहण्याची रीत आहे, त्यामुळे ‘योग्य बाजू’ कोणती, हा प्रश्न तिथेही सुटलेला नव्हताच.)

वेळ वाचतो, हेही सर्वत्र खरे नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेने होबर्न स्थानकात २०१५ मध्ये दोन्ही बाजूंना उभे राहण्याचा प्रयोग केला, तेव्हा गर्दीच्या वेळी जिन्यावरून सुमारे ३० टक्के अधिक प्रवासी गेले. जिना उंच असला की चालत चढायला फार थोडे जण तयार होतात. मग अर्धा जिना जवळजवळ रिकामा धावतो आणि पायथ्याशी रांग वाढत जाते. जिना लहान असेल तर हा हिशेब तितका लागू पडत नाही, हे मान्य.

ए-२०२ : मग ज्याला खरोखरच घाई आहे, त्याने काय करावे?

सी-५०४ : शेजारचा साधा जिना चढावा. सरकत्या जिन्याच्या पायऱ्या नेहमीच्या पायऱ्यांहून उंच असतात, त्यामुळे घाईत ठेच लागण्याची शक्यताही तिथेच अधिक.

बी-१०१ : आमच्या आई वॉकर घेऊन चालतात, म्हणून थोडे लिहिते. चाकांची खुर्ची, वॉकर किंवा बाबागाडी सरकत्या जिन्यावर नेणे धोक्याचे असल्यामुळे अशांना लिफ्टखेरीज मार्ग नसतो, आणि ती बहुधा हातात साधी पिशवीही नसलेल्या धडधाकट मंडळींनी भरलेली असते. दुसरे म्हणजे, वर पोहोचताच तोंडाशीच थांबून मोबाइल पाहणारे. मागच्या पायऱ्या त्यांच्यासाठी थांबत नाहीत, आणि मागचा माणूस थेट त्यांच्यावर येऊन आदळतो. संदेशात या दोन गोष्टी आधी याव्यात, बाजूंचा वाद नंतर.

ए-२०२ : ठीक आहे, एक बाजू सोडण्याचे वाक्य काढतो आणि ताईंच्या दोन्ही सूचना सुरुवातीला घेतो. घाई असलेल्यांनी साधा जिना वापरावा, हे वाक्य मात्र त्यात राहील.