शंभर रुपयांत रविवार: वयात येणारी मुलं मुंबईत कुठे जातात? तुमचे अनुभव लिहा

माझी लेक पंधरा वर्षांची आहे. परवा तिने विचारलं, "आई, आम्ही पाचजणींनी बसायचं कुठे?" मला उत्तर सुचेना. बागेत लहान मुलांच्या झोपाळ्यापाशी यांना कुणी थांबू देत नाही, कट्ट्यांवर आजी-आजोबा असतात. एका कॅफेत गेल्या, तर अर्ध्या तासात तीनदा "अजून काही मागवणार?" विचारून त्यांना उठवलं. पैसेही गेले आणि गप्पाही अर्ध्या राहिल्या. लेक रडवेली होऊन घरी आली.

मग आम्ही आयांनी ठरवलं, प्रत्येकीला शंभर रुपये द्यायचे. सहाच्या आत घरी यायचं, फोन उचलायचा. बाकी सगळं त्यांनी ठरवायचं. त्या मुलुंडहून सीएसएमटीला गेल्या. तिथून चालत एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, तिथे डबे उघडले, मग जहांगीर आर्ट गॅलरी. तिथे तिकीट नाही आणि चित्रापुढे कितीही वेळ उभं राहता येतं. शेवटी ओव्हल मैदान. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, समोरच्या बाजूला आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग. या दोन्ही बाजू २०१८पासून जागतिक वारसा यादीत आहेत. लेकीने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तिथल्या गोल बाल्कन्या काढून आणल्या. उरलेले बावीस रुपये मला मोजून परत दिले. या वयाच्या मुलांना खर्चाला पैसे कमी चालतात, ठरवण्याचा हक्क मात्र पुरता लागतो, असं माझं मत झालंय.

तुमच्या मुलांचे, किंवा तुमच्या स्वतःच्या त्या वयातले अनुभव सांगा. ठिकाण, खर्च, अडचणी, सगळं.

शिवडीचा बाबा

आमच्याकडे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. थंडीपासून मेपर्यंत असतात. हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनवर पूर्वेला उतरायचं आणि धक्क्यापर्यंत चालत जायचं. मुलगा मित्रांना घेऊन पहिल्यांदा गेला तेव्हा ओहोटी होती. लांबवर चिखलात एक गुलाबी रेघ दिसली, बस्स. पोरं हिरमुसली. मग त्याने भरतीच्या वेळा बघायला सुरुवात केली. भरतीचं पाणी चढू लागलं की पक्ष्यांना उभं राहायला जागा कमी पडत जाते आणि ते काठाकडे सरकतात. दुसऱ्या खेपेला बरोबर त्या वेळी पोचले. पक्षी चोच उलटी करून चिखल गाळतात, तेही नीट दिसलं. दुर्बीण एकच होती, आठ जणांत फिरवली. आता तो भूगोलाच्या पुस्तकातला भरती-ओहोटीचा धडा मला समजावतो! परतताना शिवडीचा किल्ला. पाण्याच्या बाटल्या घरूनच न्या.

मालाडची, वय १७

मी स्वतःच लिहिते, चालेल ना? आम्ही मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला जातो. मालाड स्टेशनवरून बस, मग बोट. खाडी ओलांडायला पाच-सात मिनिटंच लागतात, पण केसात वारा शिरला की परीक्षा वगैरे डोक्यातून जाते. बोटीत मासळीच्या टोपल्या, सायकली, शाळेतली मुलं, सगळे एकत्र. खाणं म्हणजे वडापाव आणि घरचे पराठे. समुद्रात उतरत नाही, आमचं ठरलेलंच आहे. खरी अडचण टॉयलेटची. मुलींनी निघण्यापूर्वी हे ठरवावं लागतं, मुलांना ते कधी सुचतही नाही. म्हणून पाळी असेल त्या दिवशी आम्ही गॅलरी नाहीतर म्युझियम निवडतो. हे मोकळेपणाने लिहिलंय, कारण आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

बोरिवलीकर

कान्हेरी लेणी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली. सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट पडत नाही, उद्यानाचं प्रवेशशुल्क मात्र वेगळं. शंभरावर लेणी आहेत, पण आमची पोरं अकरा नंबरच्या लेण्यात रमतात. मधोमध दगडातच कोरलेले लांब बाक आहेत. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा.

पुण्याहून

धागा मुंबईचा आहे, तरी लिहिते. वेताळ टेकडी, पहाटे, खर्च शून्य. उतरून पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यासारख्या गर्दीच्या रस्त्याला लागून आठव्या शतकातलं लेणं आहे आणि तिथे शांत बसता येतं.

एक शिक्षिका

मी दहावीला शिकवते. वर्गातला एक मुलगा प्रत्येक बेताला "मला क्लास आहे" म्हणायचा. त्याला क्लास नव्हताच. घरी एकटी आई कमावती, आणि मुलांचं सगळं टीटीएमएम. तुझं तू माझं मी म्हटलं की ज्याच्या खिशात नाही तो गप्प मागे राहतो. पैसे नाहीत, हे पंधराव्या वर्षी मित्रांपुढे म्हणणं फार कठीण असतं.

मी कुणाचं नाव न घेता मुलांना एवढंच सुचवलं की रक्कम आधी ठरवा, आणि ती ज्याला सगळ्यात कमी जमेल त्याच्यावरून ठरवा. लोकलच्या सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपयांपासून मिळतं. डबे एकत्र करा. पुढच्या रविवारी तो मुलगा गेला. त्याच्या आईने चपात्यांबरोबर सुक्या बोंबलाची चटणी दिली होती. सोमवारी मधल्या सुट्टीत सगळे त्या चटणीबद्दलच बोलत होते, आणि तो मधोमध बसला होता.

धागा काढणारी

बाई, तुमचं लिहिणं लेकीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग फोनवर मैत्रिणींना म्हणाली, "या वेळी पन्नासच. आणि शिवडीला जायचं." आता इथल्या बाबांना विचारते आहे, येत्या रविवारी भरती किती वाजता?