वियोगानंतर आलेले धाडस कितपत विश्वासाचे असते?

नीरजा_व यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका संस्थेत विभागप्रमुख आहे. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाचे अचानक निधन झाले. वडिलांच्या पश्चात त्यानेच मला वाढवले होते आणि नोकरीतला कोणताही मोठा निर्णय मी त्याच्याशी बोलल्याशिवाय घेत नसे.

कामावर परतल्यापासून माझ्या वागण्यात एक बदल झाला आहे. तो मलाही जाणवतो आणि सहकाऱ्यांनाही. पूर्वी संचालकांसमोर विरोधी मत मांडायचे म्हटले की मी शब्द पुन्हा पुन्हा तोलून पाहत असे आणि पुष्कळदा मनातच ठेवत असे. आता तसे होत नाही. कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या कपातीचा प्रस्ताव आला, तेव्हा मी भर बैठकीत त्याला स्पष्ट विरोध केला आणि तो मागे घेतला गेला. बरीच वर्षे रखडलेला एक प्रकल्पही मी एका दुपारी बंद करून टाकला. वरिष्ठ म्हणतात की माझ्या नेतृत्वाला धार आली आहे. हे कौतुक ऐकताना मला बरे वाटत नाही, कारण त्या दोन्ही प्रसंगी मनात एकच विचार होता: जे वाईट व्हायचे ते होऊन गेले, आता कोण माझे काय बिघडवणार?

या भावनेला धैर्य म्हणावे, की काहीच जिवाभावाचे न उरल्याने आलेली बेफिकिरी? आणि माझ्या निर्णयांवर इतरांची पोटे अवलंबून असताना अशा मनःस्थितीतल्या धाडसावर मी किती भरवसा ठेवावा? ज्यांनी याचा विचार केला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

---

इतिहासवाचक

नीरजाताई, प्रथम आपल्या भावाबद्दल मनापासून सहवेदना.

आपण विचारलेल्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या केल्या तर विचार करणे सोपे जाईल. वियोगामुळे भीती कमी होऊ शकते. निर्णयशक्ती मात्र त्यामुळे आपोआप वाढत नाही. ती आधीपासून असेल तर भीती ओसरल्यावर दिसू लागते, आणि नसेल तर भीती ओसरल्यावर फक्त उतावळेपणा दिसतो.

अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते, पण ते सहसा अर्धेच सांगितले जाते. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. त्या वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा सल्ला दत्तक घेऊन कारभारातून बाजूला होण्याचा होता आणि राघोबादादा फौज घेऊन निघाले होते. बाईंनी दोघांनाही ठाम नकार दिला, लढण्याची तयारी ठेवली आणि माधवराव पेशव्यांची मान्यता मिळवली. दुःखाने पोळलेल्या स्त्रीचे हे तेज आपण कौतुकाने सांगतो. मात्र खंडेरावांच्या मृत्यूनंतरची बारा वर्षे मल्हाररावांनी त्यांना कारभारात आणि लष्करी पुरवठ्याच्या कामांत तयार केले होते, हे सांगायचे राहून जाते. नकार देणाऱ्या बाईंना राज्य चालवता येत होते. मल्हारराव हयात असेपर्यंत त्या त्यांच्या छायेत होत्या, आणि ती छाया गेली तेव्हा पुढे उभे राहण्यावाचून पर्याय उरला नाही.

आपल्या बाबतीतही मला हेच घडलेले दिसते. आपण भावाला विचारून निर्णय घेत होतात, म्हणजे निर्णयाचा अर्धा भार त्यांच्याकडे होता. तो भार आता पूर्णपणे आपल्यावर आला आहे. बाहेरून ही गोष्ट धाडसासारखी दिसते, पण कदाचित ती पोक्तपणाच्या अधिक जवळची असावी. आणखी एक बाब अशी की, सत्ता हाती आल्यावर बाईंनी सैन्याची सूत्रे तुकोजी होळकरांकडे सोपवली. इतके सगळे गमावल्यावर सारे काही आपल्याच मुठीत ठेवावे, अशी ओढ वाटणे स्वाभाविक होते. त्यांनी अधिकार वाटून दिला. त्यांच्या नेतृत्वातला हा भाग मला युद्धाच्या तयारीइतकाच धीराचा वाटतो.

याच्या अगदी उलट उदाहरणही ध्यानात ठेवावे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा जुलै 1924 मध्ये गेला. टेनिस खेळताना पायाच्या बोटाला फोड आला आणि त्याचा विषार रक्तात पसरला. कूलिज त्याच वर्षीची निवडणूक मोठ्या मताधिक्याने जिंकले, पण मुलाबरोबर राष्ट्राध्यक्षपदाचे सामर्थ्य आणि वैभवही निघून गेले, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले. त्यांच्या नंतरच्या कारकिर्दीतली उदासीनता या शोकातून आली, असे काही अभ्यासक मानतात. म्हणून ‘दुःख माणसाला कणखर बनवते’ असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जे उभे राहिले त्यांच्या कथा होतात, आणि जे खचले त्यांना आपण नकळत कमी लेखतो.

---

मानसशास्त्र_विद्यार्थी

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. संशोधनातून जे दिसते, ते थोडे अधिक सावध करणारे आहे.

जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही सहभागींच्या मनात आधी दुःखाची भावना जागवली आणि मग त्यांना आज मिळणारी रक्कम व तीन महिन्यांनी मिळणारी मोठी रक्कम यांतून निवड करायला सांगितले. भावना न जागवलेल्या सहभागींच्या तुलनेत दुःखी सहभागींनी वाट पाहणे टाळण्यासाठी 13 ते 34 टक्के कमी रक्कम स्वीकारली. प्रयोगशाळेतले क्षणिक दुःख आणि सख्ख्या भावाचा वियोग यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे उघड आहे. तरी दिशा लक्षात घेण्यासारखी आहे: दुःखी मनाला थांबणे जड जाते. ‘एकदाचे संपवून टाकू’ असे वाटून घेतलेला निर्णय करारी दिसतो, पण त्यामागे केवळ थकवाही असू शकतो. आपण कपातीला केलेला विरोध आणि ‘एका दुपारी’ बंद केलेला प्रकल्प यांकडे मी म्हणूनच वेगवेगळ्या दृष्टीने पाहीन.

डेन्मार्कमधील कंपन्यांच्या नोंदींवर आधारित एका अभ्यासात मुख्याधिकाऱ्याच्या कुटुंबात मृत्यू झाल्यावर कंपनीची कामगिरी खालावल्याचे आढळले. अपत्य किंवा जोडीदार गमावल्यास ही घसरण सर्वांत मोठी होती. यात त्या माणसांचा दोष काढण्याचे कारण नाही. शोकग्रस्त माणसाकडे संस्था चालवण्याइतकी शक्ती लगेच उरत नाही आणि त्याने तसे दाखवण्याची अपेक्षाही धरू नये, एवढाच बोध मी त्यातून घेतो.

याहून सूक्ष्म निष्कर्ष बर्नाइल, भागवत आणि राऊ यांच्या 2017 मधील संशोधनात मिळतो. लहानपणी नैसर्गिक आपत्ती अनुभवलेल्या मुख्याधिकाऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. ज्यांनी आपत्ती पाहिली पण तिचे भीषण परिणाम पाहिले नाहीत, ते पुढे अधिक जोखीम घेणारे निघाले. ज्यांनी मोठी जीवितहानी जवळून पाहिली, ते अधिक सावध झाले. म्हणजे संकटाशी झालेली ओळख दोन्ही बाजूंना नेऊ शकते, आणि आपण कोणत्या बाजूला झुकलो आहोत हे ज्याचे त्यालाच तपासावे लागते. त्या अभ्यासातील जोखीम कर्ज आणि कंपन्यांची खरेदी यांसारख्या व्यवहारांतली होती, जिथे पैसा इतरांचाही पणाला लागतो, हेही विसरू नये.

---

एकल_पालक

मी संशोधक नाही. पतींच्या निधनानंतर त्यांच्या आणि माझ्या भागीदारीतला व्यवसाय मी एकटीने चालवला, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

ताई, तुमच्या प्रश्नात तुमच्या मनाची पुष्कळ तपासणी आहे, पण समोरच्या माणसांचा विचार राहून गेला आहे. शोकात असलेल्या प्रमुखाला कोणी विरोध करत नाही, आणि माझ्या मते खरा धोका तिथे आहे. माझ्या वाक्यावर सगळे मान डोलावत. ज्या हिशेबनीसांनी पूर्वी माझ्या पतींशी पैशापैशावरून वाद घातला होता, ते माझ्यासमोर नुसते ‘बरं ताई’ म्हणत. त्यांच्या मनात माझ्याविषयी माया होती यात शंका नाही, पण त्या मायेपोटी माझे निर्णय कोणीच पारखत नव्हते. विरोधच होत नसेल, तर आपण निर्भय झालो आहोत की आजूबाजूचे लोक गप्प झाले आहेत, हे ओळखायचे कसे?

तुमचा प्रस्तावविरोध यशस्वी झाला याचा आनंद आहे. तरी संचालकांना तुमचे म्हणणे पटले की तुमच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी माघार घेतली, हे एकदा शांतपणे जाणून घ्या. कारण दुसरी शक्यता खरी असेल, तर तोच प्रस्ताव काही काळाने परत येईल आणि तेव्हा सहानुभूती उरलेली नसेल. त्या कर्मचाऱ्यांसाठी तुम्हाला आकड्यांनिशी तयार असावे लागेल.

मी केलेला उपाय साधा होता. हिशेबनीसांना मी सर्वांसमोर सांगितले की ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक निर्णयावर त्यांनी लेखी हरकती द्यायच्या, आणि हरकत नसेल तर का नाही तेही लिहायचे. माझ्या दुःखाचा मान राखायचा असेल तर याच रीतीने राखा, असेही म्हणाले. त्यानंतर वाद पुन्हा सुरू झाले आणि मला कामावर असल्यासारखे वाटू लागले.

---

रात्रपाळी

थोडक्यात एक मुद्दा जोडतो. आपण धाडस म्हणजे बैठकीत उभे राहून बोलणे एवढेच धरून चाललो आहोत.

लंडनमध्ये 22 एप्रिल 1993 रोजी स्टीफन लॉरेन्स या तरुणाची वर्णद्वेषातून हत्या झाली. त्याची आई डोरीन लॉरेन्स यांनी पोलिसांच्या तपासातील हलगर्जीविरुद्ध जो लढा दिला, त्यातून चौकशी समिती नेमली गेली, 1999 च्या मॅकफर्सन अहवालाने पोलीस दलातील संस्थात्मक वर्णद्वेषावर बोट ठेवले आणि 70 शिफारशी केल्या. एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला न चालवण्याचा नियमही गंभीर गुन्ह्यांपुरता बदलला गेला. दोघा आरोपींना शिक्षा झाली ती जानेवारी 2012 मध्ये, म्हणजे जवळपास एकोणीस वर्षांनी. एवढा काळ कागद जमवणे, साक्षी, वकील, समित्या, पुन्हा नकार, पुन्हा अर्ज. दुःखी मनाला थांबणे जड जाते असे वर आले आहे. या बाईंनी मात्र थांबण्यालाच कामाला लावले.

म्हणून नीरजाताई, तुमचे धाडस खरे आहे का, हे त्या बैठकीवरून ठरणार नाही. त्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नाचा पाठपुरावा तुम्ही दोन वर्षांनीही करत असाल, तेव्हा ही शंका तुम्हाला पडणारही नाही.

---

नीरजा_व

सर्वांचे मनापासून आभार. ‘एकल_पालक’ यांनी लिहिलेले वाचून मी बराच वेळ विचार करत राहिले, कारण माझ्या विभागातही हल्ली कोणी वाद घालत नाही.

कपातीच्या प्रस्तावाविरुद्धची टिपणे मी भाऊ हयात असतानाच काढून ठेवली होती. त्याच्याशी त्यावर बोलणेही झाले होते. त्यामुळे तो विरोध विचारपूर्वक होता, असे आता मला म्हणता येईल, आणि तीच टिपणे ताज्या आकड्यांसह संचालकांना लेखी देणार आहे. प्रकल्पाची कागदपत्रे मी एका अशा सहकाऱ्याकडे सोपवली आहेत, ज्याने तो चालू ठेवण्याच्या बाजूने पूर्वी हिरिरीने मत मांडले होते.

एक लहान प्रश्न उरतो. माझी मनःस्थिती अजून सावरलेली नाही, हे मी संचालकांना सांगावे का? सांगितले तर ते माझ्या प्रत्येक मतावर शोकाचा शिक्का मारतील, अशी भीती वाटते.

---

मानसशास्त्र_विद्यार्थी

सांगावे, पण भावनेच्या भाषेत सांगण्याची गरज नाही, कार्यपद्धतीच्या भाषेत सांगता येईल. ‘पुढील सहा महिने परत न फिरवता येणारे निर्णय मी एका सहकाऱ्याच्या लेखी मतासह आपल्यापुढे ठेवीन,’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. त्यातून आपण कमकुवत आहात असा अर्थ कोणी काढू शकत नाही, आणि आपल्यालाही थोडा अवकाश मिळतो.

तो अवकाश केवळ कामासाठी वापरू नका. मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार शोकग्रस्त माणूस गेलेल्या व्यक्तीच्या दुःखात बुडणे आणि नव्या जबाबदाऱ्यांना भिडणे या दोन टोकांमध्ये येत-जात राहतो, आणि हे येणे-जाणेच सावरण्याच्या दृष्टीने हितकर असते. आपल्या लिखाणात दुसऱ्या टोकाविषयी पुष्कळ आहे. भावाविषयी मात्र आपण एकच परिच्छेद लिहिला आहे. त्यांच्याबद्दल ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल, अशा माणसांना या आठवड्यात वेळ द्या. संचालकांचे पत्र चार दिवसांनी गेले तरी चालेल.