२०१६चे माझे मानकरी (नानाला वगळलंय, या भांडायला)

पिटातला
दरवर्षी मी वहीत माझे स्वतःचे पुरस्कार लिहून ठेवतो. ट्रॉफी नाही, सूत्रसंचालक नाही, परीक्षक एकच. काल २०१६ची वही हाताला लागली. मराठी सिनेमे, आणि त्या वर्षी थेटरात लागलेलेच.

अभिनेत्री: रिंकू राजगुरू, 'सैराट'. बुलेटसाठी नाही, ट्रॅक्टरसाठी तर नाहीच. हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या आर्चीसाठी. पाटलाची पोर त्या खुराड्यात येते आणि तिचा ताठा एकेका दृश्यात कसा उतरत जातो ते बघा. आधी किळस, मग घरची ओढ, मग निमूट कामाला लागणं. मध्यंतराआधी शिट्ट्या घेणारी ती हीच का, असं वाटतं.

अभिनेता: जितेंद्र जोशी, 'व्हेंटिलेटर'. बाप आयसीयूत, बापाशी जमत नाही, गणपती तोंडावर आणि अख्खं कामेरकर खानदान दवाखान्यात गोळा झालेलं. एवढ्या गर्दीत हा माणूस हरवत नाही.

सहायक: विक्रम गोखले ('नटसम्राट') आणि छाया कदम ('सैराट'). त्यांची सुमनअक्का नसती तर 'सैराट'चा उत्तरार्ध उभाच राहिला नसता.

कामगिरी: 'सैराट'चा आवाज. अजय-अतुलनी अमेरिकेत जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, आणि त्याच सिनेमाचा शेवट ठार मुका. लेकरू बाहेर पडतं, रक्ताची पावलं उमटत जातात. मी पाहिलं तेव्हा मागच्या रांगेतल्या खुर्चीची करकर ऐकू येत होती. तासाभरापूर्वी 'झिंगाट'वर नाचलेलीच ती रांग.

तिसरी घंटा
नाना पाटेकर यादीत नाही? वही रद्दीत घाला.
'नटसम्राट'मध्ये नाना करतो ती गणपतराव बेलवलकर ही भूमिका १९७० साली मूळ नाटकात डॉ. श्रीराम लागूंनी उभी केली. ती स्वगतं लोकांना तोंडपाठ आहेत, नट अडखळला तर प्रेक्षक पुढची ओळ सांगतील. अशी भूमिका कॅमेऱ्यासमोर करायची, लागूंची नक्कल होऊ द्यायची नाही आणि नाटककार शिरवाडकरांचं वजनही सांडू द्यायचं नाही. हे जमवणारा नट तुम्हाला 'कामेरकरांच्या गर्दीत हरवत नाही' एवढ्यावर मागे टाकावासा वाटतो?
आणि रिंकूचं कौतुक मलाही आहे. पण अकलूजची शाळकरी मुलगी त्याच भागातल्या मुलीसारखी बोलली-चालली, याला निवड म्हणतात. श्रेय नागराज मंजुळेंचं.

अक्का सोलापूरकर
म्हंजे ती आमच्या भागातली हाय म्हणून तिला येतच हुतं? मग नाना पण जन्मभर नटच हाय की. नटानं नटाचं काम केलं, त्यात काय विशेष?
हितल्या पोरी आर्चीसारख्या असत्यात असं कुणी सांगितलं तुमाला? आमच्या गल्लीत पोरगी स्कूटीवरनं जरा जोरात गेली तरी संध्याकाळी घरी निरोप येतो. आर्ची ही आमच्या पोरींच्या डोक्यातली पोरगी हाय, गल्लीतली न्हवं. ती खरी वाटली हाच अभिनय.
शेवटाला माहेरची माणसं दारात उभी ऱ्हात्यात तवा तिच्या तोंडाकडं बगा. भ्याव आणि आनंद एकाच वेळी. ते भाषेच्या हेलातनं येत नसतंय.

रिळवाला
अक्कांना शंभर मार्क. पण धागाकर्त्याचं वर्षच चुकलंय. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवर चालतात. म्हणून रिंकूचा विशेष उल्लेख २०१५च्या पुरस्कारांत, मार्चमध्ये जाहीर, आणि सिनेमा लागला २९ एप्रिलला. 'नटसम्राट' १ जानेवारीला लागला, म्हणजे तोही सेन्सॉरच्या हिशेबात आदल्या सालचा.
खरं २०१६ बघायचं तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ 'कासव'ला आणि दिग्दर्शनाचं पारितोषिक 'व्हेंटिलेटर'साठी राजेश मापुसकरांना. माझा अभिनेता 'कासव'मधला आलोक राजवाडे. पोरगा कितीतरी वेळ कुणाशी धड बोलतच नाही, नुसता पाठ फिरवून बसतो. ती पाठ बोलते. 'सैराट'च्या शंभर कोटींच्या गोंगाटात हे कोण बघणार म्हणा.
आणि शेवटची शांतता ही दिग्दर्शन-संकलनाच्या खात्यात टाका. संगीतकारांचा त्यात काय संबंध?

पिटातला
@रिळवाला, 'कासव' त्या वर्षी आमच्या थेटरात आलाच नाही, म्हणून नियमात बसत नाही. शांततेचं मान्य. पण आधी कानात एवढा ऑर्केस्ट्रा भरला नसता तर तो गेल्याचं जाणवलं असतं का?
@अक्का, माझ्यापेक्षा तुम्हीच नीट लिहिलंत.
@तिसरी घंटा, नाना मोठाच. पण मला बऱ्याच ठिकाणी तो थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी बोलतोय असं वाटतं, आणि कॅमेरा तर हाताच्या अंतरावर. दवाखान्यात कर्ण-कृष्णाचा संवाद होतो तेव्हा मी गोखल्यांकडे बघत होतो. दमलेला, कोरडा आवाज, जवळपास काहीच न करणं.

तिसरी घंटा
शेवटच्या रांगेसाठी बोलणारच! बेलवलकर चाळीस वर्षं रंगभूमीवर राबलेला माणूस आहे, घरी चहा मागतानाही त्याचा आवाज तसाच लागणार. हाच तर त्याचा घरातल्यांना होणारा त्रास आहे.
आणि गोखल्यांकडे तुझी नजर गेली ती समोरच्याने जागा सोडली म्हणून. तो प्रसंग पुन्हा लाव, या वेळी फक्त नानाचं ऐकणं बघ.

पिटातला
रात्री लावतो. पण वहीत पेनने लिहिलंय, सांगून ठेवतो.