पाळणे रिकामे, म्हणे मुलींमुळे!

सिंहगड_रोडवाली: काल इथे एका काकांनी लिहिलं, "मुली कमवायला लागल्या, म्हणून पाळणे हलत नाहीत." काका, महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१५-१६ लाच १.९ होता, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. खेड्यांतही दोनच्या खाली. सगळं आयटीतल्या मुलींनीच केलं का? दोन पगारांशिवाय फ्लॅटचा हप्ता फिटत नाही, हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत पाळणाघराला कुलूप. मूल काय पार्किंगमध्ये ठेवू?

पेठकर_काका: आम्ही चार भावंडं वाड्यातल्या दोन खोल्यांत वाढलो. तुम्हाला आधी फ्लॅट, मग गाडी, मग थायलंड. तोवर पस्तिशी, मग आयव्हीएफचे हेलपाटे.

सिंहगड_रोडवाली: वाड्यात आजी होती, काकू होती. तुमची आई एकटी होती का?

निवृत्त_मावशी: आजीचा विषय निघालाच आहे तर सांगते. मी मुलाला स्पष्ट सांगितलं, अडीनडीला येईन, रोजचं जमणार नाही. नोकरी करून, घर ओढून आत्ता कुठे मोकळी झालेय. तर सून बोलेनाशी झाली!

बावधनची: मावशी, तुमची मुलं कुणी सांभाळली? सासूबाईंनीच ना?

निवृत्त_मावशी: हो. आणि मरेपर्यंत ऐकवलं. म्हणूनच नको म्हणते.

बावधनची: म्हणजे फायदा घेतला तुम्ही, फटका आम्हाला. छान.

वाकड_जॅम: दोघी आजीवरूनच भांडताय. आजोबा सारसबागेत हास्यक्लबात, त्यांना कुणी विचारत नाही.

पेठकर_काका: आजोबांनी आता दुपटी धुवायची का?

बावधनची: डायपर निघालेत काका. फेकायला तरी उठा.

वाकड_जॅम: मूळ मुद्दा. २०१७ पासून कायद्यानं २६ आठवडे रजा आहे, पन्नास कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही. आमच्याकडे टेबल टेनिसच्या खोलीवर 'पाळणाघर' अशी पाटी आहे, आत टेबल तसंच. बायको रजेवरून परतली तर प्रोजेक्ट दुसऱ्याला दिलेलं. आणि खाजगी नोकरीत बापाला रजा द्यायचा कायदाच नाही. दुसरं मूल? नाव काढू नका.

पेठकर_काका: बरं, रजेचं मान्य. द्या बापालाही पंधरा दिवस. मोबाइल बघायला.

सिंहगड_रोडवाली: काकांनी काहीतरी मान्य केलं! पेढे वाटा. आता हेही सांगा, तिसरं मूल झालं तर २००५ च्या नियमानं राज्य सरकारची नोकरी मिळत नाही. मग ओरडताय कुणावर?

पेठकर_काका: तिसरं कोण मागतंय, पहिल्याचं बोला.

निवृत्त_मावशी: सून हे वाचत असेल तर, गुरुवारी येतेय. पण सहाला निघणार.