ताऱ्यांची धूळ म्हणजे ब्रह्म? हिशेब चुकतोय

अधोरेखित (सदस्यनाम): 'देहातले अणू ताऱ्यांत घडले, म्हणजे अहं ब्रह्मास्मि (मी ब्रह्म आहे) हे विज्ञानाने सिद्ध केलं' हा कालचा धागा वाचून राहवलं नाही. संख्येने मोजलं तर शरीरातले साधारण ६२ टक्के अणू हायड्रोजनचे. त्याची अणुकेंद्रं ताऱ्यांत शिजलेली नाहीत, महास्फोटाच्या अगदी सुरुवातीची आहेत. वजनात ऑक्सिजन ६५ टक्के, कार्बन १८. ते ताऱ्यांतले, मान्य. पण त्यावरून देह महाभूतांचा बनला एवढंच ठरतं, आणि हे तर आत्मा न मानणारा चार्वाकही म्हणतो! देहाला 'मी' समजणं हाच शंकराचार्यांच्या लेखी अध्यास, म्हणजे एकावर दुसऱ्याचा चुकीचा आरोप. तुम्ही त्यालाच पुरावा करून बसलात.

मूळधागाकर्ता: शब्दांचा कीस काढू नका. तत्त्वमसि, 'ते तू आहेस', म्हणजे जीव-ब्रह्माचं ऐक्यच ना?

पूर्वपक्षी: कोणी ठरवलं? उपनिषदात 'स आत्मातत्त्वमसि' असा संधी आहे. द्वैतवादी मध्वाचार्य 'अतत् त्वम् असि' असा पदच्छेद करतात, 'ते तू नाहीस'. व्याकरणाला चालतो.

अधोरेखित: व्याकरणाला चालतो, प्रकरणाला नाही. हे वाक्य ज्यात येतं त्या छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच मातीच्या गोळ्याची: एक जाणलं की सगळं जाणलं. तिथे नऊ वेळा 'तू ते नाहीस' कशाला सांगेल उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला?

पूर्वपक्षी: मग नऊ दृष्टांतही वाचा की. दोरीला बांधलेला पक्षी. पक्षी आणि दोरी एक आहेत? पाण्यात मीठ विरघळलं तरी मीठ पाणी होत नाही, खारटपणा राहतोच. मधात झाडाझाडांचे रस ओळखू येत नाहीत, म्हणून नाहीसे झाले का?

अधोरेखित: दृष्टांत सर्वांगाने लावायचा नसतो. मीठ दिसत नाही पण आहे, एवढ्यापुरताच तो घ्यायचा.

पूर्वपक्षी: वा! गोळा पूर्ण लावायचा, मीठ मात्र चिमूटभर!

अधोरेखित: बरं, पक्ष्याचा दृष्टांत अडचणीचा आहे, घ्या. पण ऐक्य तरी जसंच्या तसं कोण म्हणतो? 'सोऽयं देवदत्तः', 'तोच हा देवदत्त', हे वाक्य घ्या: 'तेव्हाचा, तिथला' आणि 'आत्ताचा, इथला' हे विरोधी भाग सोडायचे, माणूस तेवढा ठेवायचा. तसंच ईश्वराचं सर्वज्ञत्व आणि जिवाचं अल्पज्ञत्व वगळलं की चैतन्य उरतं. शब्दाच्या अर्थातला विरोधी भाग सोडून उरलेला घेणं, ही भागत्यागलक्षणा. अणू यात कुठेच येत नाहीत.

पूर्वपक्षी: सर्वज्ञत्व वगळून उरलेल्याला ईश्वर म्हणायचं! सोयीचं आहे.

मूळधागाकर्ता: मग माझ्या ताऱ्यांचं काय?

पूर्वपक्षी: त्या बाबतीत आमचं दोघांचं एकमत आहे, दुर्दैवाने.