शब्द भरवा, कविता घ्या: यात कला नेमकी कुठे?

कोरा कागद:
२०१८च्या सप्टेंबरात ब्रिटिश कलाकार एस डेव्हलिन यांनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात तिथल्या चार सिंहांच्या पुतळ्यांच्या जोडीला पाचवा, भडक लाल सिंह बसवला होता. लोकांनी एक शब्द द्यायचा, एकोणिसाव्या शतकातल्या कवितांवर शिकवलेला संगणकाचा अल्गोरिदम त्यावरून ओळी रचणार, त्या सिंहाच्या जबड्यात झळकणार आणि रात्री थेट चौकातल्या नेल्सनच्या स्तंभावर. देखणा प्रकार, वादच नाही. पण असल्या प्रयोगांना 'भाषेचा शोध' म्हटलं की माझं डोकं फिरतं. पुढे कोणता शब्द शोभेल याचा हिशेब, एवढंच ते यंत्र करतं. त्यात जुन्या काव्याचा मुलामा, मग काहीही गंभीरच वाटणार!

तिरकस:
यंत्राला सांगायचं काही नाही, कबूल. पण तुम्ही सिंहाकडे बघताय, मी शब्द देणाऱ्याकडे बघतो. कॅनडाचे कलाकार डेव्हिड रोकबी यांची १९९०च्या दशकातली 'द गिव्हर ऑफ नेम्स' ही कलाकृती घ्या. जमिनीवर वस्तूंचा ढीग, त्यातली हवी ती उचलून चौथऱ्यावर ठेवायची. कॅमेरा आकार, रंग, पोत टिपतो, त्यावरून संगणक आपल्याजवळचे संबंधित शब्द चाळतो आणि एक वाक्य बोलून दाखवतो. व्याकरण बरंचसं जागेवर, अर्थ मात्र हाती येता येता निसटणारा. मग तीच वस्तू आडवी ठेवून बघावीशी वाटते, शेजारी दुसरी ठेवावीशी वाटते. 'याला हे असं का दिसलं?' हा प्रश्न पाठ सोडत नाही. माझ्या लेखी कलाकृती ती. वाक्य गौण.

कोरा कागद:
म्हणजे डोकं चालवायचं प्रेक्षकाने आणि नाव कलाकाराचं! आणि नसलेला अर्थ शोधणं ही तर माणसाची जुनीच खोड. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांचा १९६६चा 'एलायझा' हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम आपलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बस. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तिने तो प्रोग्रॅम घडताना पाहिला होता, बरं का. या भुलीने खुद्द वायझेनबाउम हादरले, तुम्ही तिलाच कला म्हणताय.

शाईचा डाग:
एलायझा आतलं काही दाखवत नव्हता. रोकबींच्या कामात संगणकाची जुळवाजुळव पडद्यावर समोरच दिसते, मग भूल कसली? माझी तक्रार वेगळी आहे. मजकूर लिहिणाऱ्या आताच्या एआय मॉडेलांची वाक्यं इतकी गुळगुळीत येतात की अडखळायला जागाच उरत नाही. प्रेक्षक वाचतो, 'वा' म्हणतो, फोटो काढून पुढे जातो.

तिरकस:
हे पटलं. गुळगुळीतपणा मुद्दाम मोडणारा कलाकार हवा. नुसतं मॉडेल आणून उभं करणं म्हणजे दुकानातलं यंत्र मांडणं.

कोरा कागद:
मोडा की. आणि पाटीवर कलाकाराच्या नावाखाली ज्यांच्या कविता यंत्राला खाऊ घातल्या त्यांचीही नावं लिहा. मग मी रांगेत उभा राहीन, तेही कुरकुरतच.