करुणा ‘येते’ ती कुठून?

परळ: आईच्या उपचारांच्या दिवसांत वॉर्डातल्या एका मावशींनी तिला फार जपलं. ड्युटी संपली तरी जाण्याआधी तिच्या भेगाळलेल्या टाचांना खोबरेल चोळायच्या, चहा बशीत ओतून निववून द्यायच्या. त्यांना पत्र लिहितेय. ‘तुमच्या रूपाने देवाची करुणा भेटली’ असं लिहिलं, तर भाऊ म्हणतो, हात मावशींचे आणि श्रेय देवाला का? दया, कृपा, करुणा, माया; काय लिहू?

गिरगाव: ताई, या शब्दांबरोबर येणारी क्रियापदं बघा. कृपा ‘होते’, आणि तिला थोरला-धाकटा लागतोच: देवाची, गुरूची, साहेबांची. करुणा आपण ‘भाकतो’, करुणाष्टकंही रामापुढचीच आळवणी, म्हणून मराठी कानाला तिच्यात देव ऐकू येतो. दया ‘येते’. ‘मला दया आली’ म्हणतो आपण, म्हणजे ती आपल्या हुकमाने येत नाही. कुठून येते, ते व्याकरण सांगत नाही. माया मात्र ‘लावतात’, तिथे लावणारं माणूस हवंच. वेदान्तातली माया भुलवते, घरातली पोटाशी धरते, शब्द तोच. मी ‘माया’ लिहीन.

वांद्रे: देवाला असं बाजूला सारू नका. मराठी बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात ‘देव प्रीती आहे’ असं सरळ म्हटलंय, आणि पुढे हेही की, त्याने आधी प्रीती केली म्हणून आपण करतो. आमच्या घरी प्रार्थनेत हाच शब्द असतो. याने मावशींचं श्रेय जात नाही. पाणी तानसा तलावाचं आहे म्हणून हंडा भरून देणाऱ्या शेजारणीचे आभार कुणी चुकवत नाही.

वरळी: आमच्याकडे करुणा म्हटलं की देव आठवत नाही, बुद्ध आठवतात. बाबासाहेबांनी प्रज्ञा, करुणा, समता ही तत्त्वं एकत्र सांगितली. 1956 साली नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञा वाचा. सुरुवातीलाच ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण यांना देव मानणं नाकारलंय, आणि तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. इथे दया ‘येत’ नाही, ‘करीन’ म्हणून ठरवावी लागते. थकलेल्या बाईने घरी जायच्या वेळी तेलाची बाटली उघडली, ते मला या ‘करीन’मधलं वाटतं. भाऊ बरोबर बोलतोय.

दादर: ‘कळवळा’ राहिला की! ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती’. तुकोबा लेकरू आणि माउलीपासून सुरुवात करतात. ‘जाती’ म्हणजे इथे स्वभाव, जात्याच असलेलं. शेवटी ओझं टाकतात ते संतांवर. या अभंगात कळवळा कुणी दिला याचा उल्लेखही नाही, आणि लिहिणारा मात्र विठ्ठलाचा. दुसऱ्या अभंगात रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणणारा सापडला की ‘देव तेथेचि जाणावा’ म्हणतात. आधी माणूस दिसतो, मग त्याच्यावरून देव ओळखायचा. आमच्या भागात गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक तिथे उतरतात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, यालाच बाबा देवपूजा म्हणत. म्हणून पत्रात देवाचं नाव राहू दे, भावालाही चालेल असं: ‘मावशी, तुम्ही आईला माया लावलीत, आम्हाला तुमच्यात देव दिसला.’